कवडीची खुंटी

माझ्या सासूबाईंचा हात आयुष्यभर लागला तो परातीला, जात्याला आणि राग आला तर माझ्या नवऱ्याच्या पाठीला. एखाद्या वाद्याला तो कधी लागला असेल असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी हसले असते. त्यामुळं भाऊबीजेच्या संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर त्या जे बोलल्या, ते ऐकून माझ्या मांडीवरचं मँडोलिन घसरलं. ते मी गुडघ्यानं अडवलं.

"तिसऱ्या जोडीतली एक तार उतरलीय," त्या म्हणाल्या. "किती येळ तशीच बडवायलीस?"

त्यांच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. निरांजन विझू नये म्हणून त्यांनी पदर आडवा धरला होता. समोर, पाण्याच्या टाकीच्या जरा वर, बीजेचा चांद होता, कापून टाकलेल्या नखासारखा. बाईंना भाऊ नाही. आम्ही घरात सगळे त्यांना बाई म्हणतो, नाव आवडाबाई. ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. लग्न होऊन आल्यापासून चोवीस वर्षं मी हे बघत होते. माझे भाऊ जेवून, पान खाऊन, ताटात साडी ठेवून गेले की संध्याकाळी मी बाईंना निरांजन लावून द्यायची आणि त्या गच्चीवर जायच्या. त्यांच्या ताटात कुणी काही ठेवत नसे. चांद काय ठेवणार?

त्या वर्षी मला वाटलं, आपण वाजवतो तर आहोत, त्या ओवाळतात तेव्हा बहीणभावाच्या ओवीची एखादी चाल वाजवू. म्हणून मी मागोमाग गच्चीवर गेले होते.

"काय म्हणालात, बाई?"

त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं. माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि मँडोलिनच्या डोक्यावरच्या आठ खुंट्यांपैकी नेमक्या एकीला हात घातला. बाकीच्या सात खुंट्यांना पांढरी बटणं आहेत. या एकीचं बटण नाही, तिथं लाखेनं एक कवडी चिकटवलेली आहे.

"हं, छेड," त्या म्हणाल्या.

मी तार छेडली. त्यांनी कवडी धरून खुंटी किंचित फिरवली, थांबल्या, परत केसभर मागं घेतली. जोडीतल्या दोन्ही तारा एकीत एक मिसळून गेल्या. माझ्याकडून ते काम कधी एका दमात होत नाही. दहा महिन्यांत झालं नव्हतं.

"आता वाजव," असं म्हणून त्यांनी ताट उचललं आणि चांदाकडं तोंड केलं.

मला वाजवता आलं नाही.

आता जरा मागचं सांगते. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झालं, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लहानपणी आईबरोबर जागरणाला जायची, गोंधळ्यांच्या पायापाशी बसून झोपून जायची. रेडिओवर लोकसंगीत लागलं की माझी पोळी करपते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. गळा मात्र देवानं असा दिला की अंगाई म्हटली तर पोर उठून बसायचं. तेव्हा ठरवलं, गाता येत नाही तर वाजवू. एका लग्नात मँडोलिन ऐकलं होतं. एकच सूर, पण तारांच्या जोडीमुळं दोन बाया एकत्र गातात असं वाटायचं.

शहागंजला घड्याळाच्या टॉवरच्या मागं रहीमभाईंचं पेट्या, ढोलक्या, बेंजो दुरुस्त करायचं दुकान आहे. गावात जुनं मँडोलिन मिळेल तर तिथंच. त्यांनी फळीवरून एक खाली काढलं, फडक्यानं पुसलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

"बजाओगे या टांगोगे, भाभी?" त्यांनी विचारलं.

"वाजवीन. येईल तसं."

"टांगना होगा तो नक्को. जिनका है, उनकी शर्त है."

मी कवडी बदलून बटण लावून द्या म्हणाले, तर तेही त्यांनी ऐकलं नाही. "रहने दो. उसकी उमर तुमसे जादा है."

तिथून दहा महिने मी एकटीनं खटपट केली. पुस्तक आणलं, ते कळलं नाही, ते चहाच्या भांड्याखाली ठेवलं. कानानं चाली काढल्या. भलरी, हळदीची गाणी, ओव्या. जे वाजलं ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि तारा आणायला गेले की रहीमभाईंना ऐकवायचं. ते ब्लूटूथवर स्वतःच्या फोनात घ्यायचे आणि पुढच्या खेपेला एखादी गोष्ट सांगायचे. "मेरे उस्ताद बोलते थे, अंगूठा ढीला रखो." मी ठेवायची. आमच्या महिला मंडळात माझा कार्यक्रम झाला तेव्हा फलकावर 'स्वयंशिक्षित कलाकार' असं लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा बरं वाटलं.

बाईंना मात्र मँडोलिन आवडत नाही, असं मी धरून चालले होते. मी ते पिशवीतून काढलं की त्या मिश्रीची डबी उचलायच्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या. रोज. एकदाही चुकल्या नाहीत. मी मनात म्हणायची, म्हातारीला आपलं सुख बघवत नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवरून खाली आलो. बाईंनी ताट देवापुढं ठेवलं आणि चहा मागितला. आमचे हे सोफ्यावर बातम्या बघत होते. मी म्हणाले, टीव्ही बंद करा. माझा आवाज ऐकून त्यांनी रिमोट न शोधता बटणच बंद केलं.

"बाई, तुम्हाला तार लावता येते?"

"मला समदंच येतंय. कुणी इचारलं न्हवतं."

"कुणी शिकवलं?"

बाईंनी चहा बशीत ओतला. बशीतला चहा संपवला. मग पालेभाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "माझ्या भावानं."

आमचे हे म्हणाले, "कुठला भाऊ?"

"बन्सी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सख्खा."

पन्नाशीच्या माणसाला अचानक मामा मिळाला की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा होतो.

"बाई, मग माझ्या लग्नात माझ्या मागं मामा म्हणून उभा होता तो कोण?"

"तो चुलत. घरचाच व्हता, भाड्याचा न्हवता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर चितेगाव. वडील तात्यासाहेब. त्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्यानं खोकत नसे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा बाई आठ वर्षांच्या. निजामाची पलटण मोडली, आणि छावणीतला एक बँडवाला काही वर्षं इकडंतिकडं वाजवून शेवटी हैदराबादला निघाला. जाताना त्यानं आपलं मँडोलिन बन्सीला दिलं. बदल्यात बन्सीनं घरची शेळी दिली आणि वडिलांना सांगितलं, लांडग्यानं नेली.

"मँडोलिन कडब्याच्या गंजीत ठिवायचा," बाई म्हणाल्या. "दुपारी माणसं निजली की गोठ्यात बसून वाजवायचा. तार लावाया त्येला मी लागायची. त्येचा हात भारी, कान माझा. एक खुंटी तुटली, तर पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायची माळ व्हती, तिच्यातली कवडी म्या काढली. लाख तापवून म्याच लावली. हे बघ." त्यांनी बोट पुढं केलं. बोटाच्या पेरावर एक गुळगुळीत पांढरा डाग आहे. मी चोवीस वर्षं तो तव्याचा चटका समजत होते.

"मग?"

"मग काय. तात्यांनी मला इचारलं, लांडगा तू बघितलास का. म्या म्हणले, नाय."

"एवढंच?"

"एवढंच. मला खोटं बोलाया येत नव्हतं. त्यांनी गंजी उपसली. म्हणले, वाजवणं वाजवणाऱ्यांच्या घरी, आपल्या नाय. हे ठिव, नायतर घर ठिव. बन्सीनं हे उचललं आन गेला. जत्रंत एक कनात आली व्हती तमाशाची, तिच्यासंगं गेला." त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला. "तिसऱ्या दिशी तात्यांनी समद्यांना हिरीवर नेलं. पोरगा मेला म्हणले. त्येच्या नावानं आंघोळ केली. माझ्या डोईवर माझ्या आईनं घागर वतली. मी बारा वर्षांची. दहावा घातला. पिंडाला कावळा शिवना. सकाळचं दुपार झालं. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल? शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला आन त्येच्याच हातानं शिववला."

आमचे हे उठले आणि परत बसले. गावाला माहीत असलेली गोष्ट घराला माहीत नसते, हे मला ठाऊक होतं. पण इतकी?

मी विचारलं, "बाई, हे मँडोलिन तेच, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू पिशवीतनं काढलंस त्याच दिशी."

"दहा महिने झाले. बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वाजवणारा माणूस आपलं वाद्य इकतो व्हय? तो गेला, म्हणून हे बाजारात आलं. तू वाजवाया बसलीस की मला त्येची मौत ऐकू यायची. म्हणून बाहीर बसायची." बशी पालथी घालून त्या म्हणाल्या, "रडू म्हणलं तर रडाया बी येत नव्हतं. त्येच्या नावाची आंघोळ तर मी बारा वर्षांची असतानाच करून बसलेय. आता दुसरी कुठली करू?"

माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी आली. रोज संध्याकाळी मी आत ओव्या वाजवत होते, आणि बाहेर पायरीवर एक बाई दातांना मिश्री लावत भावाचं सुतक पाळत होती. मी तिला मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं मला एकदम ऐकू आलं.

"आशा," त्या म्हणाल्या, "त्या दुकानवाल्याला इचार. कधी गेला, एवढं इचारून ये. मला तिथ पायजे. खऱ्या तिथीला एकदा घास तरी ठिवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी शहागंजला पोचले. रिक्षात मँडोलिन मांडीवर होतं आणि मी त्या कवडीला हात लावत नव्हते. काल संध्याकाळपर्यंत ते माझं होतं.

रहीमभाई एका पेटीचा भाता चिकटवत होते. "आओ भाभी. तार टूटी?"

"नाही. हे मँडोलिन कुणाचं होतं?"

"बोला तो था, एक बुजुर्ग का."

"त्यांचं नाव बन्सी होतं का?"

त्यांनी सरसाचा ब्रश खाली ठेवला. "तुमको किसने बोला? उन्होंने मना किया था नाव सांगायला."

"ते वारले कधी, तेवढं सांगा. घरी तिथी हवी आहे."

"कौन वारले?" रहीमभाई म्हणाले. "गुरुवारको इधरच चाय पीके गये. बिस्किट भी खाया."

मी खाली बसले.

"भाभी, वो ढोलक है."

मी ढोलकीवरून उठले आणि त्यांनी पुढं केलेल्या स्टुलावर बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं. ते पाणी पिताना ग्लास माझ्या दातांवर वाजला, आणि मला वाटलं, हाही एक सूरच आहे. कुठलेही विचार येतात अशा वेळी.

बन्सीमामा फुलंब्रीत राहत होते. बस स्टँडच्या मागं. तमाशाची कनात, मग लग्नाचे बँड, कव्वालीच्या पार्ट्या, असं पंचावन्न-छप्पन्न वर्षं वाजवलं. रहीमभाईंच्या वडिलांपासून या दुकानात येणं. दीड वर्षापूर्वी उजव्या हाताला लकवा झाला. तेव्हा मँडोलिन इथं आणून ठेवलं, वाजवील त्यालाच द्या म्हणाले, आणि कुणाचं ते सांगू नका, लोक उगाच हळहळतात. पण दर गुरुवारी फुलंब्रीहून बसनं येऊन विचारायचे, मँडोलिन गेलं का. आणि ते गेल्यावर विचारायला लागले, ती बाई काय वाजवते.

"तुम्हारा रेकॉर्डिंग मैं उनकोच सुनाता था," रहीमभाई म्हणाले. "हर गुरुवार. कान को फोन लगाके बैठते. फिर बोलते, बाई को बोल, अंगूठा ढीला रख. बोलते, ओवी में घाई नक्को, जातं घाई करत नाही. वही मैं तुमको बोलता था."

"तुम्ही म्हणायचात, मेरे उस्ताद बोलते थे."

"तो वोच तो उस्ताद है. 'थे' मेरी गलती."

एका 'थे'वर मी त्या माणसाला मनातून कधीच जाळून मोकळी झाले होते. दहा महिने माझ्या चुलत्या-मावळ्यांना, मंडळाच्या बायकांना, भाजीवालीला मी सांगत फिरले की मी कुणाकडं शिकले नाही. आणि माझा मामेसासरा दर गुरुवारी पाऊण तास बसमध्ये बसून मला शिकवायला येत होता. त्याला माहीत नव्हतं मी कोण, मला माहीत नव्हतं तो आहे.

"और एक बोलते हमेशा," रहीमभाई म्हणाले. "इस बाई का तिसरा तार उतरा रहता है. उसका कान थोडा कच्चा है."

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. रहीमभाईंना वाटलं, कच्चा म्हटल्याचं वाईट वाटलं. ते बिचारे म्हणायला लागले, थोडा, भाभी, थोडाच.

घरी आले तेव्हा बाई ताटात तूर निवडत बसल्या होत्या. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. हळूहळू सांगायचं, आधी पाणी द्यायचं. दारातच तोंडातून गेलं, "बाई, मामा आहेत."

"कुठं हायेत?"

"म्हणजे जिवंत आहेत. फुलंब्रीत."

त्यांचा हात चालूच राहिला. "फुलंब्रीत," त्या म्हणाल्या. "हितल्या फुलंब्रीत."

"हो."

"मग वाद्य का इकलं?"

"उजव्या हाताला लकवा झालाय."

"उजव्या." त्या तूर निवडत राहिल्या. जरा वेळानं माझं ताटाकडं लक्ष गेलं. खडे त्या डब्यात टाकत होत्या आणि तूर बाजूला काढून ठेवत होत्या. मी ताट काढून घेतलं नाही. सगळा डबा तसाच भरू दिला.

मला वाटलं होतं, त्या चपला शोधतील. त्यांनी नाव काढलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. आमचे हे हवालदिल. ऑफिसातून फोन करून विचारायचे, बाई काही बोलल्या का. शेवटी त्यांनीच विषय काढला. "बाई, उद्या जाऊ या ना. मामाला ओवाळा तरी."

"मेलेल्या माणसाला ओवाळता येतंय का, काकासाहेब?"

"अहो, पण तो जिवंत आहे."

"त्यो तुझ्यापुरता. माझ्यापुरता त्येचा तेरावा झालाय. म्या केलाय. माझ्याच तोंडानं त्येचं घर गेलं, माझ्याच डोईवर पाणी पडलं. आता निरांजन घिऊन जाऊ, जसं काय झालंच नाय?"

शनिवारी सकाळी त्या आंघोळ करून स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आशा, बारसं करावं लागंल."

आमच्या ह्यांच्या हातातला ब्रेड चहात पडला. "कुणाचं?"

"बन्सीचं. मेलेला परत आला तर त्येला नव्यानं जन्माला घालत्यात. आमच्या गावात एक काशीहून परतला व्हता, त्येचं केलं व्हतं. नाव ठिवायचं, मग तो जिता. मग ओवाळायचं. घुगऱ्या भिजत घाल. आन टोपडं बघ कुठं मिळतंय का."

"बाई, मामा पंचाहत्तर वर्षांचे आहेत."

"मग मोठं बघ."

टोपडं त्या मापाचं मिळालं नाही. बाईंनी माझ्या जुन्या खणाच्या ब्लाउजचं रात्रीत शिवलं.

रविवारी दुपारी आम्ही फुलंब्रीला गेलो. रहीमभाईंनी आधी फोन करून ठेवला होता, तरी दारात उभ्या असलेल्या बाईचे डोळे सुजलेले दिसले. ती द्वारकाबाई, मामांची बायको. कनातीत गायची. ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की इथून तिनं विचारलं तरी शेजारच्या घरात पडलेला चमचा कुणीतरी उचलून ठेवावा.

"या," ती म्हणाली. "चार दिसांपास्नं जेवला नाय. म्हणतोय, बहीण मारायला येतेय का ओवाळायला, ते कळल्याबिगर भूक लागत नाय."

मामा खाटेवर बसले होते. उंच, वाळलेले. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं, मग मामांकडं. तेच कान, तीच खाली आलेली भुवई. चोवीस वर्षं मी ज्या चेहऱ्याशी भांडले, तो म्हातारा होऊन खाटेवर बसला होता.

बाई उंबऱ्यात थांबल्या. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. कुणी हात पुढं केला नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. अठ्ठावन्न वर्षं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. बघायलाच इतका वेळ लागतो.

"शेळीचं म्या सांगितलं," बाई म्हणाल्या.

"माहीत हाय," मामा म्हणाले. "तुला खोटं बोलता येत नव्हतं. तात्या हुशार, त्यांनी बरोबर तुलाच इचारलं."

"वाईट वाटलं असंल."

"शेळीचं वाटलं. चांगली व्हती."

द्वारकाबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

"एकदा बी यावं वाटलं नाय?" बाईंचा आवाज आता चिरकला.

"आलो व्हतो की. तात्या गेले तवा. बाभळीखाली उभा राहिलो. पर आवडे, मेलेला माणूस मर्तिकाला कसा येणार? माणसं खांद्यावरचं टाकून पळाली असती."

बाई हसल्या. नाही, हसल्या असं मला वाटलं. मग त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि जे रडू लागल्या, ते रडणं मी त्यांच्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं. मामा नुसते बसून होते. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी तो एकदा तिच्या बाजूला ठेवून पाहिला. तो घसरून परत मांडीवर आला.

बरं झालं द्वारकाबाई होती. "चला," ती म्हणाली, "पोराला किती येळ ताटकळत ठिवता."

दोरीला साडी बांधून तिनं झोळी केली होती. मामा काही झोळीत मावणार नव्हते, म्हणून रीतीप्रमाणं जो वरवंटा बाळाबरोबर पाळण्यात घालतात, तोच एकटा झोळीत निजवला. मामा शेजारी पाटावर बसले, डोक्याला माझ्या ब्लाउजचं टोपडं. आमचे हे भाचा की बाप, कुठल्या नात्यानं उभं राहावं ते न कळून घुगऱ्यांचं पातेलं धरून उभे होते. द्वारकाबाईनं पाळणा धरला आणि मी मँडोलिन घेतलं.

ज्यांचं वाद्य, ते समोर. ज्यांनी शिकवलं, ते समोर. पहिल्या ओळीतच माझा सूर सटकला.

"अंगठा," मामा टोपड्यातून म्हणाले.

मी अंगठा सैल सोडला. दुसरी ओळ बरी गेली. तिसऱ्या ओळीला भाऊ आणि बहीण दोघांच्याही कपाळाला एकदमच आठी पडली, तेव्हा मी काही न बोलता थांबले. बाई उठल्या. कवडीची खुंटी केसभर फिरवली, परत जागेवर जाऊन बसल्या. मामांनी मान डोलावली. एवढंच. पण मी जे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल: ते दोघं गोठ्यात बसले होते आणि बाहेर दुपारी माणसं निजली होती.

पाळणा संपला. बाई वाकल्या, मामांच्या कानाशी तोंड नेलं. बाळाच्या कानात करतात तसं "कुर्र" केलं आणि पुढं काहीतरी पुटपुटल्या.

"काय?" मामा म्हणाले. "त्या कानानं येत नाय. इकडनं ये."

त्या दुसऱ्या बाजूला गेल्या. गुडघा धरून परत वाकल्या आणि अंगणातल्या शेजारणींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "बन्सी."

ते नाव त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत त्याला हाक मारताना घेतलं नव्हतं. मामांनी टोपड्याचा बंद डाव्या हातानं सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना, म्हणून तसंच तोंड खाली घातलं.

मग बाईंनी ओवाळलं. ताट फिरवून समोर धरलं. मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ताटात काहीतरी ठेवलं. तार छेडायची नखी होती, शिंगाची, झिजून पातळ झालेली. मँडोलिन दिलं होतं, पण ही त्यांनी ठेवून घेतली होती.

बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "इतक्या सालांची ओवाळणी एवढीच?"

"तेवढीच हाय माझ्याकडं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ती पदराच्या टोकाला बांधून टाकली. मला नाही दिली.

जीपमधून परत निघालो. दिवस मावळत होता आणि हर्सूलच्या अलीकडं वर आभाळात अर्ध्याहून मोठा झालेला चांद दिसला. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी म्हणाले, "बाई, चांद."

त्या पदराच्या गाठीवर बोट फिरवत होत्या. मान वर केली नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्येचं आता काय काम?"